कामावर रुजू होणाऱ्या अभियंत्याने बोलावे कसे, लिहावे कसे?

राखबंधारा

नमस्कार. औष्णिक वीज केंद्राच्या ऑपरेशन विभागात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि आता नागपुरातच असतो. गेले दोन हिवाळे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घ्यायला जातो. मुलाखत संपली की जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "सर, माझे इंग्रजी कसे सुधारेल?" पाळी संपताना लॉगबुकमध्ये, म्हणजे पाळीच्या नोंदवहीत, काय लिहायचे, वरिष्ठांना वाईट बातमी कशी सांगायची, किंवा समजले नसेल तर कोणत्या शब्दांत विचारायचे, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. ज्या कामासाठी त्यांना पगार मिळणार आहे त्यातला मोठा भाग याच गोष्टींनी व्यापलेला असतो, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या पाळीत होतो. एका मोठ्या पंपाच्या बेअरिंगचे (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाचे) तापमान सायंकाळी सहा वाजता ६४ अंश होते आणि रात्री दहा वाजता ७८ अंश झाले. मी ते स्वतः पाहिले होते, मनात नोंदवले होते आणि काळजीही वाटत होती. पाळी सुटताना मी लॉगबुकमध्ये लिहिले, "बेअरिंग गरम आहे, लक्ष ठेवावे." रात्रपाळीच्या सहकाऱ्याने ते वाचले आणि लक्षही ठेवले, म्हणजे दोनदा जाऊन हात लावून पाहिला. वीज केंद्रात हात लावावी ती वस्तू गरमच असते. पहाटे तीनच्या सुमारास बेअरिंग जळाले. राखीव पंप सुरू झाल्यामुळे वीजनिर्मितीचा संच बंद पडला नाही, परंतु दुरुस्तीला नऊ दिवस लागले. चौकशीत माझ्या वरिष्ठांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, "चार तासांत चौदा अंश वाढले हे तुम्हाला ठाऊक होते, मग ते या पानावर का नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढची सगळी वर्षे शोधत राहिलो. माझी मराठी चांगली होती आणि इंग्रजीही कामापुरते होते. उणीव होती ती ही की पुढच्या माणसाला निर्णय घ्यायला काय लागेल याचा मी विचारच केला नव्हता.

पाळीबदलातील त्रुटीची अतिशय भीषण किंमत ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटाने (समुद्रात उभारलेल्या तेल-वायू काढण्याच्या केंद्राने) मोजली. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरती चकती बसवली होती. काम अपुरे राहिले, पण ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा चालकांनी हाच पंप सुरू केला, वायू बाहेर पडला आणि १६७ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीत कामाच्या परवान्यांच्या (कोणत्या यंत्रावर कोणते काम चालू आहे हे नोंदवणाऱ्या कागदांच्या) पद्धतीवर आणि पाळीबदलावर कठोर ताशेरे आहेत. परवाना लिहिलेला होता. तो ज्याला ठाऊक असायला हवा होता, त्याला ठाऊक नव्हता.

ज्यांना प्रत्यक्ष कारखान्यात, साइटवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये अनुभव आहे त्यांनी आपापल्या क्षेत्रातले सांगावे. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत, मात्र मुलाखतीतल्या ठरावीक उत्तरांची यादी मागू नये.

अंतिमवर्ष_यांत्रिकी

सर, आपली बेअरिंगची गोष्ट वाचून धीर आला, कारण आमच्यासमोर सहसा यशाच्याच गोष्टी सांगितल्या जातात. मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि नंतर खासगी अनुदानित मराठी शाळेत शिकलो आणि आता नागपुरात वसतिगृहात राहतो. विषय मला समजतात, परंतु गटचर्चेत बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मनात वाक्य मराठीत तयार होते, त्याचे इंग्रजी करीपर्यंत दुसरा बोलून मोकळा होतो.

आणखी एक अडचण कोणाला सांगितलेली नाही. उन्हाळ्यात पुण्यातल्या एका कंपनीत सहा आठवडे प्रशिक्षणाला गेलो होतो. तेथे मी मराठीतच बोललो, तरी "करून राहिलो", "जाऊन राहिलो" ऐकून काही जण हसले. त्यानंतर तीन आठवडे मी जेवणाच्या सुटीतही फारसा बोललो नाही. कामात अडले तेव्हा विचारले नाही, कारण विचारले की पुन्हा हसतील असे वाटत होते. इंग्रजी येत नाही आणि मराठीही "बरोबर" नाही, तर मी बोलावे तरी कशात? आणि बैठकीत "मला समजले नाही" असे म्हटले तर पहिल्याच महिन्यात आपल्याविषयी वाईट मत होत नाही का?

खापरी_स्थानक

मी नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अकरा वर्षे झाली, त्यातली पाच नवख्यांच्या गटाची प्रमुख म्हणून. वरच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पहिल्या महिन्यात "समजले नाही" म्हणणाऱ्याविषयी आमचे मत वाईट होत नाही. चौथ्या महिन्यात जेव्हा कळते की त्याला पहिल्या महिन्यापासूनच समजलेले नव्हते, तेव्हा मात्र नक्की होते.

आमच्याकडे रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक असते. काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे, एवढेच सांगायचे असते. नवीन मुले पहिल्या दोन गोष्टी तपशिलाने सांगतात आणि तिसरीला "काही नाही" म्हणतात. गेल्या वर्षी एका मुलाला चाचणीच्या सर्व्हरवर जाण्याची परवानगीच मिळालेली नव्हती. तो सोमवार ते गुरुवार आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसला. गुरुवारी सायंकाळी डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे आला आणि ते काम दहा मिनिटांत झाले. त्याचे चार दिवस वाया गेले याचे मला दुःख होते, पण त्याहून अधिक दुःख हे की रोज सकाळी त्याने माझ्याकडे पाहून "काही नाही" म्हटले होते आणि मला ते ओळखता आले नाही. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. "काही अडले का?" असे न विचारता "सर्वांत जास्त वेळ कशात गेला?" असे विचारते. त्याला "काही नाही" हे उत्तर देताच येत नाही.

मदत मागायचीही एक रीत आहे. "सर, चालत नाही" असा संदेश पाठवला की समोरच्याला उलट पाच प्रश्न विचारावे लागतात. त्याऐवजी मी काय करायला गेलो, काय केले, पडद्यावर नेमका कोणता संदेश आला (तो जसाच्या तसा उतरवून), कोणते दोन उपाय करून पाहिले आणि मला कारण काय वाटते, असे लिहावे. हे लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडते.

ईमेलच्या विषयाच्या ओळीत "अर्जंट" किंवा "हेल्प" एवढेच लिहू नका, कोणत्या कामाविषयी काय हवे आहे ते लिहा. "उद्या सायंकाळपर्यंत देतो" असे परदेशातल्या ग्राहकाला कळवले तर ती सायंकाळ कोणाची, हा प्रश्न उरतो. म्हणून तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ असे तिन्ही लिहावे. महिना अक्षरांत लिहावा, कारण आपण ०५/०४ लिहिले की आपल्या दृष्टीने तो ५ एप्रिल असतो आणि अमेरिकेतल्या माणसाच्या दृष्टीने ४ मे. आपण सर्रास म्हणतो "आय हॅव अ डाउट", म्हणजे मला एक शंका विचारायची आहे. परदेशी माणसाला त्यातून आपला त्याच्यावर विश्वास नाही असे वाटू शकते. "क्वेश्चन" म्हणावे. आणि "येस, येस" म्हणत मान हलवणे तर फारच महागात पडते. आपल्याला त्यातून "ऐकतो आहे" असे म्हणायचे असते, तर पलीकडचा "मान्य आहे" असे धरून पुढे जातो.

राखबंधारा यांच्याशी माझा एक मतभेद आहे. इंग्रजीचा प्रश्न त्यांनी बाजूला सारला, तसा तो आमच्या क्षेत्रात सारता येत नाही. तो नंतरचा असेल, पण खरा आहे. यवतमाळच्या मुलाने रोज वीस मिनिटे आपल्या विषयाचे एखादे इंग्रजी मॅन्युअल मोठ्याने वाचावे आणि पान मिटून तेच पाच वाक्यांत सांगावे. सहा महिन्यांत जीभ वळते. मीही मराठी माध्यमातलीच आहे आणि हेच केले आहे.

सळई_सिमेंट

स्थापत्य अभियंता, पूल आणि इमारती, बारा वर्षे साइटवर. आमच्याकडे ईमेल कमी आणि आवाज जास्त. नागपूरच्या कोणत्याही मोठ्या साइटवर जाऊन पाहा. मिस्त्री छत्तीसगडचा, सळई बांधणारे बंगालचे, सेंटरिंगवाले (काँक्रीटचे साचे उभारणारे) तेलंगणाचे, मुकादम इथला आणि सल्लागार मुंबईचा असतो. पदवीच्या चार वर्षांत या माणसांशी बोलायला मला कोणी शिकवले नाही.

एका तुळईच्या रिंगांचे, म्हणजे लांब सळयांभोवती बांधायच्या कड्यांचे, अंतर मी फोनवर सांगितले : मधल्या भागात पंधरा सेंटीमीटर, टोकांना दहा. टोकांजवळ, म्हणजे खांबाला जोडते तिथे, रिंगा दाट लागतात. पलीकडे मिक्सर चालू होता. मुकादमाने नेमके उलटे ऐकले आणि "हो साहेब" म्हणून फोन ठेवला. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी तपासणीला गेलो म्हणून दिसले. तीन तुळयांच्या रिंगा सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि उन्हात ते काम करणाऱ्यांकडे मला बघवत नव्हते, कारण चूक त्यांची नव्हती. आता मी सूचना दिल्यावर "समजले का?" असे कधीच विचारत नाही. "तुम्ही काय करणार ते मला सांगा" असे म्हणतो, आणि शक्य तेव्हा सळईवरच खडूने खूण करून येतो. सुरुवातीला मुकादमाला हे परीक्षा घेतल्यासारखे वाटले. मग मी त्याला सांगितले की माझे सांगणे बरोबर झाले का, हे मी तपासतो आहे. त्यानंतर तो मोकळेपणाने "साहेब, पुन्हा सांगा" म्हणू लागला.

तोंडी बदल हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा धोका आहे. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलातले टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ लोक मरण पावले. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा मार्ग एकाच लांब सळईला टांगलेला होता. बनवणाऱ्यांना ते अवघड वाटले म्हणून एका सळईऐवजी दोन सळया आल्या, आणि खालच्या मार्गाचे ओझे वरच्या मार्गाच्या तुळईवर येऊन तेथल्या जोडावरचा भार दुप्पट झाला. या बदलाला दूरध्वनीवर मान्यता घेतली होती असे बनवणाऱ्यांचे म्हणणे होते, अभियंत्यांनी ते नाकारले. बदललेल्या जोडाचे गणित कोणीच पुन्हा केले नव्हते. म्हणून माझी नवीन मुलांना कळकळीची विनंती आहे : फोनवर काहीही ठरले की दहा मिनिटांत दोन ओळी लिहून पाठवा. "आपल्या आत्ताच्या बोलण्यानुसार अमुक बदल करीत आहे, चूक असल्यास आज सायंकाळी पाचपूर्वी कळवावे." यात कोणाचा अविश्वास नसतो.

मराठीविषयीही एक गोष्ट. ज्यांना शासकीय कामे करायची आहेत त्यांनी मराठी पत्रलेखन शिकलेच पाहिजे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाशी, महानगरपालिकेशी होणारा बराचसा पत्रव्यवहार मराठीत चालतो. विषय, संदर्भ, आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक, आणि शेवटी नेमकी मागणी. आमच्याकडे येणाऱ्या अभियंत्यांना मुदतवाढीचे साधे पत्र लिहिता येत नाही, आणि मग ते काम पदवी नसलेला कारकून त्यांच्यापेक्षा चांगले करतो.

थेट_बोला

चर्चा चांगली आहे, परंतु मुलांना अर्धवट चित्र दाखवू नये. लॉगबुक आणि मुकादम नोकरी लागल्यावर येतात. नोकरी लागायच्या आधी ऑनलाइन चाचणी आणि मुलाखत असते आणि तेथे इंग्रजी अडखळले की पुष्कळ ठिकाणी नाव कटते. माझ्या धाकट्या भावाचे असे चार वेळा झाले आहे. तो आज एका कार्यशाळेत उत्तम काम करतो, पण ती चार नकारपत्रे तो विसरलेला नाही. आधी दार उघडायचे कसे ते सांगा.

वर्गाबाहेर

मी नागपूरच्याच एका महाविद्यालयात संवादकौशल्याचा विषय शिकवते. थेट_बोला यांचे म्हणणे मला मान्य आहे, म्हणून दार उघडण्याविषयीच लिहिते. मुलाखतीत पडणारी मुले भाषेवर पडतात असे वरवर दिसते. प्रत्यक्षात "तुमच्या प्रकल्पाविषयी सांगा" या प्रश्नावर ती जास्त अडखळतात. प्रकल्पात स्वतः काय केले हे त्यांना मराठीतही सांगता येत नाही, कारण तसे सांगण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. मी आता अडखळणाऱ्या मुलाला आधी मराठीत विचारते : यंत्र कशासाठी, तू कोणता भाग केलास, कोणता आकडा मोजलास, काय बिघडले आणि ते कसे सुधारलेस. मराठीतले उत्तर नेमके झाले की इंग्रजीतले साध्या वाक्यांत आपोआप उभे राहते, आणि व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या तरी मुलाखत घेणारा ऐकत राहतो.

या दुखण्याचे मूळ मला प्रयोगवहीत दिसते. दर सत्रात आमची मुले मागच्या वर्षीच्या वह्या समोर ठेवून पानेच्या पाने उतरवतात आणि शेवटी "निष्कर्ष : अशा प्रकारे प्रयोगाचा अभ्यास केला" असे लिहितात. आम्ही शिक्षक त्यावर सही करतो. चार वर्षांत अशा शे-दीडशे प्रयोगांतून मुलगा हेच शिकतो की लिहिणे म्हणजे जागा भरणे, वाचणारा कोणी नसतो. मग तोच मुलगा लॉगबुकमध्ये "पंप तपासला, ठीक" असे लिहितो. संवादकौशल्य हे अभियंत्याचे आवश्यक फलित म्हणून अभ्यासक्रमाच्या मूल्यांकनात धरले जाते, आणि २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य झाल्यापासून त्याची कागदपत्रेही काटेकोर झाली आहेत. प्रत्यक्षात सत्तर मुलांच्या वर्गात आठवड्याला दोन तास मिळतात आणि एका मुलाच्या वाट्याला बोलायला दोन मिनिटेही येत नाहीत. म्हणून मी प्रयोगशाळेच्या शिक्षकांना विनंती करून एकच बदल करून घेतला. निष्कर्षात मोजलेला आकडा, त्याचे एकक, अपेक्षित आकड्यापासूनचा फरक आणि त्या फरकाचे एक कारण लिहिल्याशिवाय सही नाही. पहिले दोन महिने मुले रागावली होती. एककाचा आग्रह कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी १९९९ मध्ये नष्ट झालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगते. एका गटाचे आकडे पौंडांत होते, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले, आणि यान मंगळाच्या फार जवळून जाऊन हरवले.

वर्गात आणखी एक खेळ घेते. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात साध्या जोडभागाची आकृती असते, दुसऱ्याने फक्त ऐकून ती काढायची. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला मनाई असते आणि दुसऱ्या फेरीत परवानगी. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की मला काही समजावून सांगावे लागत नाही.

राखबंधारा

खापरी_स्थानक यांचा आक्षेप योग्य आहे. माझी नोकरी कोळसा, पाणी आणि वाफ यांच्यात गेली, तेथे इंग्रजी मॅन्युअलपुरते होते, त्यामुळे माझे मत एकांगी झाले असावे. थेट_बोला यांच्या भावाला माझा नमस्कार सांगावा.

यवतमाळच्या मित्रा, तुझ्या पुण्याच्या अनुभवाने मन खिन्न झाले. "करून राहिलो" ही आपल्या वऱ्हाडाची आणि नागपूरची क्रिया चालू असल्याचे सांगण्याची रीत आहे आणि ऐकणाऱ्याला तिचा अर्थ लागतो. कोराडी, खापरखेडा, बुटीबोरी, वणीच्या खाणी, जेथे जाशील तेथे यंत्रावरचा माणूस याच बोलीत तुला यंत्राची खरी अवस्था सांगेल. प्रमाण मराठीत विचारलेस तर कदाचित "सगळे ठीक आहे साहेब" एवढेच ऐकायला मिळेल. अहवाल प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत लिही, पत्र नियमाने लिही, परंतु ही बोली सोडू नकोस. माझ्या अनुभवात निम्मे बिघाड यंत्रापाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने आधी ओळखलेले असतात. तो ते कोणाला सांगतो, एवढाच प्रश्न असतो.

एक सराव देतो. सध्या कोठे प्रशिक्षण चालू असेल तर तेथे पाहिलेल्या एखाद्या गोष्टीची पाळीबदलाची नोंद येथे लिही. आम्ही ती तपासू.

अंतिमवर्ष_यांत्रिकी

सर, सध्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यात एक महिन्याच्या प्रशिक्षणावर आहे. काल मी वहीत "कॉम्प्रेसर गरम होत आहे, साफसफाई आवश्यक" असे लिहिले होते. आज पुन्हा लिहून पाहिले :

"सकाळी १०.३० वाजता एअर कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जचे (बाहेर पडणाऱ्या हवेचे) तापमान ९६ अंश सेल्सियस होते, दुपारी १ वाजता १०४ अंश झाले. मॅन्युअलनुसार ११० अंशांवर यंत्र आपोआप बंद होते. ऑइल कूलरच्या पंखांवर धूळ साचलेली दिसली. यंत्र चालू असल्याने सफाई केलेली नाही."

राखबंधारा

कालच्या आणि आजच्या नोंदीतला फरक तुला दिसलाच असेल. दोन उणिवा आहेत. कारखान्यात एकाहून अधिक कॉम्प्रेसर असतील तर हा कोणता? आणि हे तू कोणाला सांगितलेस? नोंद वाचणाऱ्याला असे वाटायला नको की सफाईचे कोणीतरी बघत असेल.

सळई_सिमेंट

किती वाजता पुन्हा पाहायचे आणि किती अंशांना काय करायचे, तेही लिहा. पुढच्या पाळीतला माणूस तापमान बघेल, पण १०७ दिसल्यावर त्याने थांबायचे की फोन करायचे?

अंतिमवर्ष_यांत्रिकी

तीन कॉम्प्रेसर आहेत, मी क्रमांक लिहिलाच नव्हता. आज दुपारी सुपरवायझर सरांना विचारून पूर्ण केले. "सर, मला हे समजले नाही, थोडे सांगाल का?" असे म्हणालो, तर त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसवले. दुसऱ्या पाळीच्या वहीत आता असे आहे :

"एअर कॉम्प्रेसर क्र. २. डिस्चार्ज तापमान : सकाळी १०.३० ला ९६, दुपारी १ ला १०४, २.४५ ला १०५ अंश सेल्सियस. ११० ला यंत्र आपोआप बंद होते. ऑइल कूलरच्या पंखांवर धूळ, सफाई बाकी. पाळी सुपरवायझरांना २.५० वाजता प्रत्यक्ष दाखवले. दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवावे. १०७ झाल्यास क्र. ३ सुरू करून क्र. २ बंद करावा आणि देखभाल विभागाला कळवावे. क्र. ३ आज दुपारी दहा मिनिटे चालवून पाहिला आहे."